सीआर-व्हीच्या सहा पिढ्या: मागच्या दारातून दिसणारा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात मोटारगाडी, आणि तीही राजेरजवाड्यांची किंवा शर्यतीतली नव्हे, तर मुलांना शाळेत सोडायची, बाजारहाट करायची आणि सुट्टीत गावाला न्यायची गाडी, हे काहींना जरा विचित्र वाटेल. पण ज्या वस्तूचं नाव तीस वर्षं तेच राहतं, काम तेच राहतं आणि तरी जी दर पाच-सहा वर्षांनी मुळापासून नव्यानं घडवली जाते, ती वस्तू इतिहासाच्या अभ्यासाला फार सोयीची असते असं आम्हाला वाटतं. दर पिढीला कारखानदाराला विचार करावा लागतो की आपल्या गिऱ्हाइकाच्या घरात कोण कोण आहे, ते रविवारी काय करतात, त्यांना भीती कशाची वाटते. त्याचं उत्तर मग पत्र्यात उतरतं.

आज आपण अशी एकच गाडी घेणार आहोत: होंडा सीआर-व्ही. तिच्या सहा पिढ्या झाल्या. पहिली १९९५ ची, मग २००१, २००६, २०११, २०१६ आणि २०२२. आणि आपण ती पाहणार आहोत मागच्या बाजूनं. गाडी विकताना फोटो समोरून काढतात, त्यामुळे गाड्यांचा इतिहासही बहुतेक वेळा समोरूनच सांगितला जातो: हेडलाइट, जाळी, इंजिनाची ताकद. कुटुंब मात्र गाडीच्या मागच्या अर्ध्या भागात राहतं. सामान तिथे, मुलं तिथे, आजी तिथे.

आधी थोडं १९९० च्या आसपासच्या जपानबद्दल. तिथला आर्थिक फुगा फुटला होता, तरी एक हौस वाढत होती: गाडी घेऊन डोंगरात, समुद्रकाठी, तंबू ठोकायला जायची. मित्सुबिशीची पजेरो त्या हौसेची राणी होती. याच काळातली एक छोटी सरकारी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९९२ च्या सप्टेंबरपासून जपानच्या सरकारी शाळांना महिन्यातला एक शनिवार सुट्टी मिळू लागली, आणि १९९५ पासून दोन. म्हणजे आईबापांना मुलांसकट दोन दिवस सलग मोकळे मिळायला लागले. दोन दिवस मिळाले की माणूस घराबाहेर जेवायचा विचार करतो. हे पुढे उपयोगी पडेल.

होंडाची अडचण अशी की तिच्याकडे असली गाडीच नव्हती. सिव्हिक होती, अकॉर्ड होती, म्हणजे बुटक्या, रस्त्याला चिकटून धावणाऱ्या गाड्या. मग दुसऱ्याच्या गाडीवर आपली पाटी लावून विकायचा मार्ग होंडाने धरला. अमेरिकेत इसुझूची गाडी 'पासपोर्ट' नावाने विकली, आणि जपानात चक्क लँड रोव्हरची डिस्कव्हरी 'क्रॉसरोड' नावाने. उसनी भांडी आणून पंगत उठवण्याचाच हा प्रकार. स्वतःची जीपसारखी गाडी करायची तर शिडीसारखी चासी हवी, त्यावर वेगळी बॉडी बसवायची, त्यासाठी वेगळी यंत्रसामग्री लागणार. तेवढा खर्च झेपणारा तो काळ नव्हता. तेव्हा जे हाताशी होतं त्यातूनच गाडी करायचं ठरलं, आणि हाताशी होती सिव्हिक.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण आजचा सगळा विषय त्यावर उभा आहे. जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये खाली पोलादी शिडी असते. इंजिन, चाकं, बॉडी, सगळं त्या शिडीला बांधलेलं. बॉडी काढून ठेवली तरी शिडी चालू शकते. सिव्हिकसारख्या गाडीत शिडी नसतेच. पत्र्याची पेटी हीच तिची हाडं. याला मोनोकॉक म्हणतात. अशी गाडी हलकी होते, बुटकी करता येते, वळणावर कमी कलते आणि धडकेत तिचा पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चेपता येतो. मात्र दगडधोंड्यांतून रोज ओझं ओढायचं तर शिडीच बरी. क्रॉसओव्हर म्हणजे मोनोकॉक गाडीला उंच करून जीपचे कपडे घालणं. ही कल्पना होंडाची नव्हे. रशियातली लाडा निवा १९७७ ची, अमेरिकेतली एएमसी ईगल १९८० सालच्या मॉडेलची, आणि टोयोटाची आरएव्ही-फोर सीआर-व्हीच्या जवळजवळ दीड वर्ष आधी, मे १९९४ मध्ये बाजारात आली होती. तरी आम्ही सीआर-व्ही निवडली, कारण पहिल्या दिवसापासून ती कुटुंबाची गाडी म्हणून बांधली गेली. आरएव्ही-फोर सुरुवातीला तीन दारांची होती. तरुण जोडप्याची गाडी म्हणा ना. सीआर-व्ही सरळ पाच दारांची आली.

आता हे १९९५ च्या ऑक्टोबरमधल्या पहिल्या पिढीचं मागचं दार. काच वेगळी, ती वर उघडते. खालचा भाग कपाटाच्या दारासारखा बाजूला उघडतो. आणि त्या दारावर बाहेरून, सगळ्या जगाला दिसेल अशी, स्टेपनी टांगलेली. दाराच्या बिजागऱ्या उजवीकडे. जपानात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, म्हणजे फुटपाथ डावीकडे. फुटपाथवरून सामान ठेवायला ही रचना अगदी सोयीची. तीच गाडी अमेरिकेत गेली तेव्हा दार फुटपाथच्या आडवं यायला लागलं, आणि तिथल्या लोकांनी दोन पिढ्या त्याबद्दल कुरकुर केली.

दार उघडा. डिकीची जमीन म्हणजे एक फळी आहे. ती उचला, उलटी करा, खालून घडीचे पाय निघतात. झालं जेवणाचं टेबल! आम्ही गंमत म्हणून हे सांगत नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत, जादा पैसे न घेता, सहलीचं टेबल दिलेलं होतं. शनिवारच्या सुट्टीची ही थेट खूण. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये गिअरचा दांडा नव्हता. तो स्टिअरिंगजवळ होता. त्यामुळे मधली जमीन मोकळी आणि सपाट. आईला पुढून उठून, गाडीतून न उतरता, मागच्या रडणाऱ्या पोराकडे जाता यायचं. सीआर-व्ही या नावाचा अर्थ कंपनीने सांगितला तो 'कम्फर्टेबल रनअबाउट व्हेइकल', म्हणजे इकडेतिकडे आरामात भटकायची गाडी. त्यात डोंगर सर करण्याची भाषा कुठेच नाही.

आणि तरीही फोर व्हील ड्राइव्ह होतं. ते कसं होतं हे बघण्यासारखं आहे, कारण गाडी स्वतःबद्दल किती प्रामाणिक होती ते त्यातून कळतं. खऱ्या जीपमध्ये चालक दांडा ओढून चारही चाकांना जोर देतो. सीआर-व्हीत तसला दांडा नाही. एरवी जोर फक्त पुढच्या चाकांना. मागच्या बाजूला दोन छोटे तेलाचे पंप: एक पुढच्या चाकांच्या वेगाने फिरणारा, दुसरा मागच्या चाकांच्या. दोन्ही सारख्या वेगाने फिरत असले की एकानं ढकललेलं तेल दुसरा शोषून घेतो, तेल आपलं गोल गोल फिरत राहतं, बाकी काही होत नाही. पण बर्फावर किंवा चिखलात पुढची चाकं घसरून जोरात फिरायला लागली, की पुढचा पंप जास्त तेल ढकलतो, ते जादा तेल दाब निर्माण करतं, तो दाब एक क्लच आवळतो आणि मागच्या चाकांना जोर जातो. संगणक नाही, बटण नाही. अतिशय स्वस्त आणि अतिशय हुशार. तोटाही उघडच आहे: चाक आधी घसरावं लागतं, मगच मदत येते. चिखलात गाडी अडकवून घ्यायची हौस असलेल्याला हे पुरणारं नव्हतं. बर्फ पडलेल्या सकाळी शाळेच्या चढावर मात्र पुरेसं होतं. या गाडीच्या अभियंत्यांना आपलं गिऱ्हाईक पक्कं माहीत होतं. दारावरची स्टेपनी मात्र शेजाऱ्यांसाठी होती.

१९९७ मध्ये गाडी अमेरिकेत पोचली आणि तिचा खरा इतिहास तिथेच घडला. तिथे आधीपासून एक कायद्याची फट होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, अमेरिकेने गाड्यांनी तेल किती प्यावं याचे नियम केले. त्यात मोटारगाड्यांना कडक नियम आणि 'हलके ट्रक' म्हणून मोजल्या जाणाऱ्या वाहनांना सैल. शेतकऱ्याचा पिकअप डोळ्यांसमोर ठेवून ही सवलत दिलेली. नव्वदच्या दशकात कंपनीच्या मोटारगाड्यांची सरासरी लिटरला साधारण ११.७ किलोमीटर असावी लागे, ट्रकांची ८.८ चालत असे. मग काय, कंपन्यांनी पिकअपच्याच चासीवर सीट बसवून कुटुंबाला ट्रक विकायला सुरुवात केली. फोर्ड एक्सप्लोरर हे त्याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण. सीआर-व्हीसुद्धा कागदावर ट्रकच होती, सिव्हिकच्या पोटची असूनही! फोर व्हील ड्राइव्ह आणि जमिनीपासूनची उंची या बळावर तिला त्या रांगेत जागा मिळाली. पुढे २०११ च्या मॉडेलपासून फक्त दोन चाकांना जोर असलेल्या छोट्या एसयूव्ही मोटारगाड्यांत मोजायचं सरकारने ठरवलं. चारचाकी जोरवाल्यांना सवलत तशीच राहिली.

पण ट्रकवर बसवलेलं कुटुंब सुरक्षित होतं का? २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत बोलावले. यातले बरेचसे एक्सप्लोररवर होते. धावताना टायरची वरची पट्टी सुटायची, गाडी तोल जाऊन कोलांटी खायची. अमेरिकेत दोनशेहून जास्त माणसं या प्रकारात गेली. टायर आणि गाडी यांत दोष कोणाचा किती यावर दोन कंपन्या भांडत राहिल्या, त्या भांडणात आपण पडायला नको. घराघरात मात्र एक गोष्ट पोचली: उंच गाडी म्हणजे आपोआप सुरक्षित गाडी नव्हे. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, आणि एकदा ती कलायला लागली की सावरत नाही.

आमच्या मते क्रॉसओव्हरच्या विजयात जाहिरातीपेक्षा या भीतीचा हात मोठा आहे. लोकांना उंच बसायचं तर होतं, पण ट्रक नको होता. २००१ ची दुसरी पिढी नेमकी या वेळी आली. ती पहिलीचीच सुधारलेली आवृत्ती. इंजिन अमेरिकेत २.४ लिटरचं झालं, ताकद १६० अश्वशक्ती. स्टेपनी दारावर, टेबल डिकीत, तसंच. महत्त्वाचा बदल झाला २००५ च्या मॉडेलला, आणि तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला वळणावर ठेवणारी यंत्रणा, आणि बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग, या अमेरिकेतल्या प्रत्येक सीआर-व्हीत आल्या. महागड्या आवृत्तीत नव्हे, प्रत्येकीत. ही यंत्रणा सगळ्या गाड्यांना सक्तीची करायला तिथल्या सरकारला त्यानंतर बरीच वर्षं लागली. २०१२ च्या मॉडेलपर्यंत.

मग २००६. आम्हाला विचाराल तर या गाडीच्या आयुष्यातला खरा सांधा हाच. मागच्या दाराकडे बघा: स्टेपनी गेली. म्हणजे गाडीतून नव्हे, दारावरून. ती आता डिकीच्या जमिनीखाली आहे. दार एकसंध झालं आणि वरच्या बाजूला उघडायला लागलं, साध्या हॅचबॅकसारखं. आणि टेबल? टेबल गायब! अकरा वर्षं दिलेली वस्तू कोणताही गाजावाजा न करता काढून टाकली. त्याऐवजी डिकीत एक आडवी फळी आली, सामान दोन मजल्यांवर ठेवायला. खाली किराणा, वर मुलांची दप्तरं.

टेबल गेल्याचं काहींना वाईट वाटलं असेल, पण हिशेब सरळ होता. ज्या जपानी घरासाठी ते बनवलं होतं ते घर आता या गाडीचं मुख्य गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. याच पिढीपासून सीआर-व्ही अमेरिकेतल्या ओहायोत बनायला लागली. तिथलं कुटुंब गाडीच्या मागे टेबल मांडून जेवत नव्हतं. ते दुकानातून महिन्याचं सामान भरत होतं. आणि दारावर स्टेपनी टांगून मर्दानी दिसण्याची गरजही संपली होती, कारण आता शेजाऱ्याकडेही क्रॉसओव्हरच होती. २००७ मध्ये सीआर-व्ही अमेरिकेतली सगळ्यात जास्त खपणारी एसयूव्ही झाली, २ लाख १९ हजार गाड्या. तिने मागे टाकलेली गाडी कोणती? एक्सप्लोरर. आणि २०११ च्या मॉडेलला एक्सप्लोररनेही शिडी टाकून मोनोकॉक बॉडी घेतली.

२०११ ची चौथी पिढी आपण लवकर ओलांडू. ती आधीच्या गाडीपेक्षा किंचित बुटकी आणि किंचित आखूड होती, ही गोष्ट गाड्यांच्या जगात दुर्मीळ. मागची सीट एका खटक्यात पडायची, हे तिचं कौतुक. एवढ्यावर तिला सोडून दिलं असतं, पण एका परीक्षेत ती अडखळली. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक संस्था आहे, आयआयएचएस. ती गाड्या आपटून बघते. २०१२ मध्ये तिने एक नवी चाचणी आणली: गाडीचा पुढचा एकच कोपरा, चालकाच्या बाजूचा, खांबाला धडकावा तसा धडकवायचा. सीआर-व्हीला त्यात 'मार्जिनल' शेरा मिळाला, म्हणजे वरून तिसरा, खालून दुसरा. कंपनीने सांगाडा बदलला आणि २०१५ च्या मॉडेलला 'गुड' मिळवला. विद्यार्थ्याला पेपर दाखवला की तो नेमकं तेवढंच पाठ करून येतो, तसं हे आहे. पण त्यातून जीव वाचतात, म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. फक्त प्रश्नपत्रिका कोण काढतं आणि त्यात कोणत्या सीटवरच्या माणसाबद्दल विचारलेलं असतं, हे ध्यानात असू द्या.

आता थोडी मापं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर पहिल्या चार पिढ्यांत जवळजवळ तेच राहिलं, साधारण २६२० मिलिमीटर. सोळा वर्षांत चार नव्या गाड्या, आणि पाया तोच! पाचव्या पिढीत ते २६६० झालं, सहाव्यात २७००. ही वाढ जवळजवळ सगळी मागच्या सीटच्या पायांसाठी. रुंदी १७५० वरून १८६५ च्या आसपास गेली, लांबी साडेचार मीटरच्या आसपासून ४.७ मीटरपर्यंत, आणि वजन सुमारे १४०० किलोवरून हायब्रिड आवृत्तीत १७०० च्या पुढे.

एकदा मुद्दाम समोर जाऊन उभे राहू. आतल्यांसाठी गाडी सुरक्षित होत असताना बाहेरच्यांचं काय झालं? अमेरिकेत २००९ मध्ये गाड्यांखाली ४१०९ पादचारी मेले. २०२२ मध्ये ७५२२. याची कारणं अनेक आहेत: मोबाइल, वेग, रात्रीचे अंधारे रस्ते. सगळं खापर एसयूव्हीवर फोडणं बरोबर नाही, आणि सीआर-व्ही तर त्या कळपातली लहान गाडी. पण बोनेट जितकं उंच, तितका मार पायांऐवजी छातीला आणि डोक्याला बसतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. घरातल्या मुलाला जपायला घेतलेली गाडी शेजारच्या मुलाला मोठी होते, हा पेच या सगळ्या जातीच्या गाड्यांना अजून सुटलेला नाही.

२०१६ च्या पाचव्या पिढीने १.५ लिटरचं छोटं टर्बो इंजिन आणलं. ताकद १९० अश्वशक्ती, पहिल्या पिढीच्या दोन लिटर इंजिनाच्या दीडपट. या इंजिनाची एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१८ च्या सुरुवातीला चीनमध्ये सीआर-व्हीची विक्री थांबवावी लागली. उत्तरेकडच्या थंड भागात इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत होतं, ऑइलची पातळी वाढत होती. थंडीत इंजिन पुरतं तापायला वेळ लागतो. लांबचा प्रवास असेल तर ते तापतं आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जातं. पण घर ते शाळा, शाळा ते बाजार, बाजार ते घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापतच नाही. म्हणजे भटकण्यासाठी म्हणून जन्मलेल्या गाडीला भटकायला न नेल्याचा त्रास झाला! कंपनीने इंजिनाच्या नियंत्रणाचा प्रोग्राम बदलला, अमेरिकेत वॉरंटी वाढवली. ही गाडी लोक खरोखर कशी वापरतात, याचा इतका बोलका पुरावा एखाद्या पाहणीतूनही मिळाला नसता.

याच पिढीत काही देशांसाठी सीटांची तिसरी रांग आली, आणि इथे आपला संबंध येतो. भारतात सीआर-व्ही २००३ पासून विकली जात होती. म्हणजे आपण ओळखतो ती दुसऱ्या पिढीपासूनची. सहलीचं टेबल आपल्याकडेही येऊन गेलं. सुरुवातीला ती तयारच आयात व्हायची, २०१३ पासून ग्रेटर नोएडाच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. आपल्याकडे तिला दोन प्रश्न कायम विचारले गेले: डिझेल आहे का, आणि किती माणसं बसतात? पंधरा वर्षं उत्तर होतं 'नाही' आणि 'पाच'. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पाचवी पिढी १.६ लिटर डिझेल आणि सात सीटा घेऊन आली, तोवर उशीर झाला होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये ग्रेटर नोएडाचं उत्पादन बंद झालं आणि सीआर-व्ही भारतातून गेली.

उशीर कोणामुळे झाला? त्यातलं एक उत्तर पुण्याजवळच्या चाकणमध्ये आहे. जीप आणि बोलेरो बनवणाऱ्या महिंद्रानं, म्हणजे शिडीच्या चासीवर मोठ्या झालेल्या कंपनीनं, सप्टेंबर २०११ मध्ये एक्सयूव्ही-५०० आणली. मोनोकॉक बॉडी, आडवं बसवलेलं डिझेल इंजिन, पुढच्या चाकांना जोर, सात सीटा. सुरुवातीची किंमत अकरा लाखांच्या आत. रचनेची कल्पना सीआर-व्हीच्याच कुळातली, पण मागच्या बाजूला भारतीय घर ओळखून बसवलेलं: आजी-आजोबांसकट सगळे एका गाडीत. होंडाने जपानी घर आणि मग अमेरिकन घर ओळखलं होतं; आपलं घर तिला फार उशिरा दिसलं, असं आम्ही म्हणू. पुढे २०२१ मध्ये एक्सयूव्ही-७०० आली, तीही चाकणचीच. तिच्या पिढ्या मोजायला अजून वीस वर्षं हवीत.

जन्मभूमीतही सीआर-व्हीला सुख नव्हतं. जपानात ती २०१६ मध्ये बंद झाली, २०१८ मध्ये परतली, २०२२ च्या अखेरीस पुन्हा थांबली, आणि २०२४ मध्ये परत आली ती हायड्रोजनवर चालणाऱ्या आवृत्तीच्या रूपात. इथे शनिवारची सुट्टी आहे, पण मुलंच कमी झाली आहेत. अमेरिकेत मात्र वर्षाला ४ लाखांच्या घरात विक्री.

सहावी पिढी, २०२२ ची, मुख्यतः हायब्रिड म्हणून विकली जाते. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून अमेरिकेच्या सरकारी मोजणीत लिटरला साधारण १७ किलोमीटर, फक्त पुढच्या चाकांना जोर असलेल्या आवृत्तीत. १९९७ ची सीआर-व्ही त्याच मोजणीत ९ च्या आसपास होती. वजन वाढूनही जवळजवळ दुप्पट. याचं कौतुक केलंच पाहिजे. आणि आपली स्टेपनी? अमेरिकेतल्या हायब्रिड सीआर-व्हीत ती नाहीच. डिकीखाली बॅटरी, आणि स्टेपनीच्या ऐवजी पंक्चर बुजवायच्या औषधाची बाटली आणि छोटा पंप. दारावरून जमिनीखाली, जमिनीखालून बाहेर. घाटात रात्री टायर फाटल्यावर ती बाटली काय कामाची, हा प्रश्न आपल्याकडचा कुठलाही ड्रायव्हर विचारील.

आता दार बंद करून मागच्या सीटकडे येऊ. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याच आयआयएचएसने आणखी एक नवी प्रश्नपत्रिका काढली. समोरासमोरच्या धडकेची जुनी चाचणी, पण चालकाच्या मागच्या सीटवर एक पुतळा बसवलेला, लहानखुऱ्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा, पट्टा लावलेला. पंधरा छोट्या एसयूव्ही तपासल्या. 'गुड' फक्त दोघींना. नऊ गाड्यांना सगळ्यात खालचा 'पुअर', आणि त्यात सीआर-व्ही होती.

कारण यांत्रिक आहे, समजायला सोपं. पुढच्या सीटच्या पट्ट्यात धडकेच्या क्षणी ढिलाई ओढून घेणारी एक कळ असते, आणि दाब फार वाढला की पट्टा थोडा सैल सोडणारी दुसरी, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. मागच्या पट्ट्यात बऱ्याच गाड्यांनी या दोन्ही दिल्याच नव्हत्या. सत्तावीस वर्षांत डिकीचं टेबल आलं आणि गेलं, स्टेपनी फिरली, पायांना ऐसपैस जागा झाली, पण मागच्या पट्ट्यासाठी कोणी गुण देत नव्हतं म्हणून तो जुनाच राहिला. त्याच संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे २००७ नंतरच्या गाड्यांत, पट्टा लावलेल्यांमध्येसुद्धा, मागे बसणाऱ्याला जीवघेण्या दुखापतीचा धोका पुढच्यापेक्षा ४६ टक्के जास्त आहे. मागची सीट बिघडली असा याचा अर्थ नव्हे. पुढची सुधारत गेली, मागची तिथेच थांबली. आणि लगेच हेही सांगतो, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची जागा अजूनही मागेच आहे. पुढच्या एअरबॅगचा फटका त्यांना जास्त घातक. कृपा करून उद्या कोणी मुलाला पुढे बसवू नका.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या पट्ट्याचा नियम आपल्या पुस्तकात आधीपासून होता. तोवर किती घरांत कव्हर घालताना मागच्या पट्ट्यांची बकलं सीटच्या फटीत ढकलून दिलेली होती, हे आपापल्या गाडीत हात घालून बघण्यासारखं आहे.

श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आलेल्या दिसतात. पहिली आहे तेलाच्या दोन पंपांबद्दल, पुढच्या पिढ्यांत त्यांचं काय झालं अशी. चौथ्या पिढीत त्या जागी विजेवर चालणारं नियंत्रण आलं. त्यामुळे चाक घसरायची वाट बघावी लागत नाही. गाडी उभ्यावरून निघतानाच मागच्या चाकांना थोडा जोर देता येतो. पुढची चिठ्ठी घेऊ या.